जमिनीचे तीन दिवस

दीडशे ट्रे होते. एकेका ट्रेत दोनशे चौसष्ट रोपं. लीकची, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारख्या भाजीची, ही रोपं मेअखेर जमिनीत जायला हवी होती, पण मार्चपासून पावसाने अशी दडी मारली होती की मेमध्ये जमिनीत फाळ शिरेना. आता जूनची बारा तारीख उजाडली तरी रोपं प्लास्टिकच्या लांबट टनेलमध्ये, ट्रेमध्येच दाटीवाटीने उभी होती. शेंडे पिवळे पडले होते. ट्रे उचलून धरला की तळाच्या भोकांतून पांढऱ्या मुळ्या लोंबायच्या. मधुमती रोज सकाळी टनेलमध्ये शिरली की आधी त्या मुळ्या बघायची आणि मग नवऱ्याच्या, विष्णूच्या, तोंडाकडे बघायचं टाळायची.

इंग्लंडात पाऊस नाही, असं तिने जुन्नरला भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. त्याला काय सांगणार? कॉव्हेंट्रीबाहेर, केनिलवर्थच्या बाजूला विष्णूने खंडाने केलेल्या पाच एकरांत ढेकळावर बूट आपटला तर बूटच दुखावत होता. विष्णू बावीस वर्षं मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या लोकांनी टॅक्सी घेतल्या, याने जमीन घेतली. तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं, मधुमतीनेही. उन्हाळ्यात मेथी, कोथिंबीर, मुळा आणि कांदा शहरातल्या दुकानांत जायचा. हिवाळ्यात जायचं ते फक्त लीक. लीक लागलं नाही तर नोव्हेंबर ते मार्च या घराला विकायला काडीसुद्धा नव्हती.

विष्णूने आठवडाभर पाइप फिरवून पाऊण एकर भिजवला होता. शेजारच्या हॅडलीचं लावणीचं मशीन शनिवार-रविवार मिळणार होतं. सोमवारी ते दुसऱ्या शेतावर जाणार आणि जुलैच्या मध्यापर्यंत परत येणार नाही. मशीनला तीन माणसं लागतात. एक ट्रॅक्टरवर, दोन मागे खालच्या सीटवर बसून रोपं भरायला. घरात माणसं चार. त्यामुळे हिशेब अगदी चोख बसत होता, एक जण ट्रे आणून द्यायला.

गुरुवारी दुपारी चहाला सगळे पॅकिंगच्या शेडमध्ये बसले असताना सस्मिता म्हणाली, "बाबा, शनिवारपासून तीन दिवस मी शेतात येणार नाही."

सस्मिता सून. ओडिशात केंद्रापाड्याकडची. कॉव्हेंट्रीला शेतकीचं एमएससी करायला आली आणि त्यांच्या मुलाच्या, पुष्करच्या, मेथीच्या गाडीपाशी भाव करता करता या घरात आली. तीन वर्षांत सासूकडून मराठी अशी उचलली होती की इथेच जन्मलेल्या नवऱ्याच्या चुका ती काढायची.

"का? हॉस्पिटलची अपॉइंटमेंट आहे का?" विष्णूने विचारलं.

"नाही. रजो आहे. आमचा सण." तिने चहाचा मग दोन्ही हातांत धरला. "पावसाळा सुरू होताना भूदेवीला पाळी येते. तीन दिवस. त्या दिवसांत कोणी नांगरत नाही, खणत नाही, काही कापत नाही. जमिनीला रेस्ट द्यायची. बायकांनाही रेस्ट. चौथ्या दिवशी तिला आंघोळ."

विष्णूने चहात काही पडलंय का ते फार बारकाईने तपासलं. पुष्करने फोन काढला. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात विष्णूसमोर हा शब्द कोणी इतक्या सरळ उच्चारला नव्हता, बायकोनेसुद्धा नाही.

"मागची दोन वर्षं तर काही नव्हतं असं," मधुमती म्हणाली.

"मागची दोन वर्षं मी विचारलं नाही," सस्मिता म्हणाली.

"अगं पण," विष्णूला अखेर कंठ फुटला, "ते तिकडच्या जमिनीचं तिकडे. ही वॉरिकशरची जमीन. तिला कुठं माहीत तिची पाळी कधी?"

"जमीन एकच असते ना, बाबा."

"डॅड, वी विल मॅनेज," पुष्कर म्हणाला. "मी हॅडलीला विचारतो, त्याची कोणी माणूस आहे का."

"त्याचा," सस्मिता म्हणाली.

"वीकेंडला कोण मोकळं आहे इथं?" विष्णू उठलाच. "मशीन दोन दिवस आहे. पुढं रोपं कुजतील. मग हिवाळाभर आपण सगळेच रेस्ट घेऊ."

"बघू," मधुमती म्हणाली. त्या घरात बघू म्हणजे नाही, हे एव्हाना सस्मितालाही कळलेलं होतं. ती चहाचा मग धुऊन मेथीच्या जुड्या बांधायला गेली.

शुक्रवारी पहाटेपासून ती घरात राबत होती. पुढचे तीन दिवस चिरायचं नाही, वाटायचं नाही, म्हणून सगळं आधी. भाज्या चिरून डबे भरले. तांदूळ आणि उडीद वाटून त्यात गूळ, खोबरं, वेलची घालून पोडो पिठा ओव्हनमध्ये मंद आचेवर चार तास ठेवला. कडा करपल्याचा गोड वास जिन्यापर्यंत गेला. वरच्या खोलीत साडी इस्त्री करून दारामागे लटकवली. हे सगळं ती कोणाशीही न बोलता करत होती. रागाने नाही, ठरवून.

मधुमती शेतातून ये-जा करता करता हे बघत होती आणि तिला एप्रिल आठवत होता.

एप्रिलच्या दोन तारखेला, पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी, सस्मिताचं मूल पोटातच गेलं. दहा आठवड्यांचं होतं. पुष्कर तिला घेऊन हॉस्पिटलात गेला, संध्याकाळी परत घेऊन आला. नर्सने कागदावर आराम असं लिहून दिलं होतं. तेव्हाही हॅडलीचं मशीन आलेलं होतं, कांद्यासाठी. तिसऱ्या दिवशी मधुमती तिच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "पडून राहिलीस तर डोकं खाशील स्वतःचं. कामात राहिलं की मन थाऱ्यावर राहतं." सस्मिताने मोजे घातले, बूट घातले आणि ती येऊन मशीनच्या मागच्या सीटवर बसली. आठ तास.

मधुमतीने हे दुष्टपणाने केलं नव्हतं. तिला स्वतःला एक्क्याण्णव साली हेच झालं होतं, पुष्करच्या आधी. दुसऱ्या दिवशी ती सँडविचच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी होती, पायांवरून रक्त ओघळत असताना काकडीच्या चकत्या मांडत. कोणाला सांगायचं हे माहीत नव्हतं आणि सुट्टी मागायचं इंग्रजी येत नव्हतं. मग ते दिवस गेले. जातात. तिने सुनेला आपल्याजवळचं होतं तेच दिलं होतं. पण त्या दिवसापासून सस्मिता तिला आई म्हणायची ते पूर्वीसारखं नाही, हे मधुमतीला कळत होतं, आणि ते कसं दुरुस्त करायचं हे कळत नव्हतं.

आता पोरगी तीन दिवस मागत होती. लावणीला पर्याय नव्हता. पण तिला एकटीला तरी ते द्यावेत, व्यवस्थित द्यावेत, असं मधुमतीच्या मनाने घेतलं. तिच्या जागी मशीनवर विष्णू बसेल आणि मधे उतरून ट्रेही तोच पळत पळत आणेल. आणि पाळीच्या दिवसांत विश्रांती कशी देतात हे मधुमतीला चांगलं माहीत होतं. जुन्नरला तिची आई चार दिवस पडवीत बसायची. वेगळी घोंगडी, वेगळा तांब्या. कोणी शिवायचं नाही, कोणी काम सांगायचं नाही. आईला वर्षभरात तेवढंच बूड टेकायला मिळायचं.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिने खालची अडगळीची छोटी खोली झाडली. नवी गादी घातली, धुतलेलं पांघरूण ठेवलं. मागच्या दारापाशी छोट्या टेबलावर एक ताट, वाटी आणि चहाचा मग मांडला, घरातल्या इतर भांड्यांत मिसळू नयेत असे निळ्या काठाचे. देवघराचा पडदा ओढला आणि दिवा लावला नाही. हे करताना तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

शनिवारी साडेसात वाजता सस्मिता खाली आली. हळद लावून न्हालेली, तांबड्या काठाची साडी, पायांना अळता, केसांत टनेलमधलं झेंडूचं फूल. पोडो पिठाचा डबा तिच्या हातात होता. जमिनीला अनवाणी पाय लागू नये म्हणून तिने चपला घातल्या होत्या, त्यांचा आवाज जिन्यावरून येताना मधुमतीला ऐकू आला.

"तुझं सगळं इकडे केलंय," मधुमती उत्साहाने म्हणाली. "खोली झाडलीय. ताट-वाटी इथं आहे. कशाला हात लावू नको, नुसती पडून राहा."

सस्मिताने ताटाकडे पाहिलं. उघड्या दारातून गादीकडे पाहिलं. मग देवघराच्या ओढलेल्या पडद्याकडे.

"हे माझ्यासाठी?"

"हो गं. तीन दिवस."

"मी बाहेरची नाही, आई," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "आमच्याकडे बाजूला बसवत नाहीत. झोपाळ्यावर बसवतात."

तिने डबा ओट्यावर ठेवला आणि ती वर गेली. दहा मिनिटांनी खाली उतरली तेव्हा खांद्याला बॅग होती. "मँचेस्टरला तनिषाकडे जाते. त्यांच्याकडे ओडिया लोक जमतात रजोला."

"परत कधी येशील?" मधुमतीने विचारलं.

"बघू," सस्मिता म्हणाली.

दार लागलं. मधुमती निळ्या काठाचं ताट हातात घेऊन उभी राहिली. तेवढ्यात बाहेर हॅडलीचं मशीन खडखडत आवारात शिरलं आणि विष्णूने "मधू, चल लवकर!" अशी हाक मारली, म्हणून ती बूट घालून गेली. काम समोर आलं की जायचं, एवढंच तिच्या पायांना माहीत होतं.

मशीनच्या मागच्या सीट जमिनीपासून वीतभर उंच असतात. गुडघे छातीशी येतात. समोर खाचा असलेलं चाक गोल फिरतं, दर वेळी टीक आवाज झाला की एका खाचेत एक रोप टाकायचं. फाळ पुढे चर उघडतो, रोप त्यात पडतं, मागची दोन चाकं माती दाबून बंद करतात. पुष्कर ट्रॅक्टर गोगलगायीच्या चालीने चालवत होता. मधुमती डावीकडे बसली, विष्णू उजवीकडे. बायको कुठे आहे, हे पुष्करने एकदाच विचारलं. "मैत्रिणीकडे," मधुमतीने सांगितलं. तो पुढे बघून चालवू लागला.

पहिली फेरी झाली. वरची माती ओलसर होती, खालची फाळाने उघडली की फिकट दिसायची. टीक, रोप. टीक, रोप. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मधुमतीच्या कमरेतून पोटात कळ आली. तिने एक हात पोटावर दाबला आणि एक खाच रिकामी गेली.

"चुकलं बघ," विष्णू म्हणाला.

मधुमती तशीच बसून राहिली. खाचा एकामागून एक रिकाम्या जाऊ लागल्या. हेच शब्द. एप्रिलमध्ये या सीटवर ती स्वतः बसली होती आणि त्या सीटवर सस्मिता, आणि सस्मिताने असाच हात पोटावर दाबला होता, आणि कांद्याची एक खाच रिकामी गेली होती. तेव्हा मधुमती म्हणाली होती, चुकलं बघ. पोरीने सॉरी म्हणून हात काढला होता.

"थांबव रे," मधुमती ओरडली. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. तिने लोखंडी दांड्यावर मूठ आपटली आणि चालत्या मशीनवरून खाली उतरली, ती ढेकळात गुडघ्यावर पडली. तेव्हा पुष्करने ब्रेक मारला.

"पाय अडकला का?" विष्णू धावला.

"नाही. बंद करा. आज लावायचं नाही."

"काय?"

"उद्याही नाही, परवाही नाही. मशीन परत पाठवा."

विष्णूने टोपी काढली, परत घातली. "तुझं डोकं फिरलंय का? पुन्हा जुलैत मिळणार ते. चाळीस हजार रोपं आहेत."

"हातानं लावू."

"चाळीस हजार हातानं? या कमरेनं?"

"हो, याच कमरेनं." ती उठून गुडघे झटकत होती. "अहो, एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी मी तिला या सीटवर बसवलं. कागदावर आराम लिहिलेला होता. मी नाही दिला, तुम्ही नाही दिला. आज ती स्वतःच्या तोंडानं मागतेय तर मी तिला दाराशी ताट मांडून दिलं."

"ती जमिनीसाठी मागतेय," विष्णू म्हणाला.

"जमिनीचं मला काही कळत नाही. तिला पाळी येते की नाही, देवाला ठाऊक. पण पोरगी निघून गेलीय, आणि ती परत येणार नाही. मला तिचं कळतंय."

ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं. पुष्कर खाली उतरला होता. एकतीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा पार उतरलेला. "आय शुड हॅव सेड समथिंग, आई. तेव्हा. मी कायच बोललो नाही."

"कोणीच बोललं नाही. आता बोलत बसू नको. बस कितीची आहे?"

"नऊला दहा कमी."

विष्णू मशीनच्या चाकावर हात ठेवून उभा होता. तो हरला की वाद घालत नाही, मोजत बसतो. "अकराशे रोपं लागलीत," तो म्हणाला. "तीही उपटू का?"

"उपटायचं नाही. काहीच करायचं नाही," मधुमती म्हणाली आणि चालू लागली.

बसस्टॉप गल्लीच्या तोंडाशी होता. सस्मिता बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसली होती. हिरव्या कुंपणाच्या पार्श्वभूमीवर तिची तांबड्या काठाची साडी लांबूनच दिसत होती. मधुमती पोचली तेव्हा तिला धाप लागली होती आणि बुटांना चिखल होता.

"मशीन परत पाठवलं," ती म्हणाली.

"का?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी जबरदस्ती नव्हती केली. मी फक्त माझं सांगितलं."

मधुमती शेजारी बसली. माफी मागायची तिला सवय नव्हती, शब्द कुठून सुरू करायचे ते सापडेना. "ताटाचं माझं चुकलं," ती म्हणाली. "आमच्याकडे पाळी म्हणजे बाजूला. माझ्या आईला तेवढीच विश्रांती मिळायची. मला वाटलं, तुला द्यायची तर अशीच द्यायची. मला दुसरी विश्रांती माहीतच नाही गं."

सस्मिता बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "मला वाटलं तुम्ही शिक्षा देताय. बाळ गेलं त्याची. माझ्यात काही खराब आहे म्हणून वेगळं ताट."

"अगं!" मधुमतीने तिचा हात धरला. इतकी वर्षं शेतात घालवून तिच्या कानांवर काय काय आलं होतं, पण एवढं लागणारं काही आलं नव्हतं. "तुझ्यात काय खराब असणार? चूक माझी होती. तेव्हाचे तीन दिवस मी तुला द्यायला हवे होते. मी दिले नाहीत."

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने एकदा साडीकडे आणि एकदा चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. "यू गेटिंग ऑन, लव्ह?"

सस्मिताने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. ओढून न्यायचं नाही एवढं मधुमतीने ठरवलं होतं. तिने हातही सोडला.

"नो," सस्मिता शेवटी म्हणाली. "सॉरी."

"फेस्टिव्हल," मधुमतीने ड्रायव्हरला समजावून सांगितलं. तो मान हलवून निघून गेला.

घरी आल्यावर मधुमतीने देवघराचा पडदा सारला, दिवा लावला आणि निळ्या काठाचं ताट घरातल्या ताटांत मधोमध सारून दिलं. पुष्करने कुंपणाजवळच्या जुन्या ॲशच्या झाडाच्या फांदीला व्हॅनमध्ये माल बांधायचे दोन पट्टे टाकले आणि फळी अडकवून झोपाळा केला. पट्टे भडक नारिंगी होते. सस्मिता झोपाळ्यावर बसली तेव्हा फांदी करकरली आणि तिघेही एकदम पुढे धावले.

मग बसायचं, एवढंच काम उरलं. मधुमतीला ते मशीनवर बसण्यापेक्षा जड गेलं. खुर्ची टाकून बसली की समोर काँग्रेस गवतासारखं काहीतरी दिसायचं आणि हात आपोआप खाली जायचा. "आई, उपटायचं नाही," झोपाळ्यावरून आवाज यायचा. शेवटी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. दुपारी पोडो पिठा खाल्ला. करपलेली कड सगळ्यांत चांगली लागते असं सस्मिता म्हणाली, आणि ती कड तिने सासूला दिली.

विष्णूने दोन दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं. "पाणी तरी घालू, की तेही नको?" एवढंच त्याने झारी हातात घेऊन विचारलं.

"पाणी चालतं, बाबा."

तो दिवसातून चारदा ट्रेंना पाणी घालू लागला. रविवारी दुपारी सगळे आत आहेत असं समजून तो झोपाळ्यावर बसला आणि पाय टेकवून हळूच एक झोका घेतला. मधुमतीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही.

सोमवारी मशीन दुसऱ्या शेतावर गेल्याचं विष्णूने रस्त्यावरून बघितलं. त्या संध्याकाळी झोपाळ्यावर दोघी शेजारी बसलेल्या असताना मधुमतीने एक्क्याण्णव सालचं सांगितलं. कारखाना, पट्टा, काकडीच्या चकत्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सस्मिताने ऐकलं आणि पायाने झोपाळा चालू ठेवला.

मंगळवारी, चौथ्या दिवशी, पहाटे पाचला तिने विचारलं, "आई, घरात पाटा आहे का? आमच्याकडे पाटा म्हणजे भूदेवी. आज तिला आंघोळ घालायची."

पाटा होता. मधुमतीच्या लग्नातला, बोटीच्या सामानात जुन्नरहून आलेला. मिक्सर आल्यापासून त्याला कोणी विचारत नव्हतं. गेली अकरा वर्षं तो टनेलच्या कोपऱ्यात प्लास्टिकवर वजन म्हणून पडला होता. पुष्करने त्याच्या जागी पाण्याचा भरलेला कॅन ठेवला. दोघींनी पाटा उचलून आवारात लाकडी पॅलेटवर ठेवला. खालच्या बाजूला गोगलगायी चिकटल्या होत्या, त्या सस्मिताने एकेक काढून गवतात सोडल्या. मग तिने बादलीभर पाण्यात हळद कालवली, पाट्यावर ओतली, हाताने चोळून चोळून त्याची अकरा वर्षांची माती काढली. टाकीचे घाव पुन्हा दिसायला लागले. तिने त्यावर शेंदूर लावला, झेंडू ठेवला आणि हात जोडले. मधुमतीनेही जोडले.

तांब्याभर पाणी उरलं होतं.

"आई, हात पुढे करा."

"माझे कशाला?"

"करा ना."

मधुमतीने हात पुढे केले. भेगा पडलेले, नखांत माती बसलेले. सस्मिताने त्यांवर हळदीचं पाणी ओतलं आणि कोपरापर्यंत चोळलं, मघाशी पाट्याला चोळलं होतं तसंच. मग खाली बसून तिच्या पावलांवर ओतलं.

"हे काय गं?"

"तुमचे तीन दिवस राहिले होते ना," सस्मिता म्हणाली. "एक्क्याण्णवचे."

मधुमतीला रडू फुटलं. मोठ्याने, शेंबूड येईपर्यंत. विष्णू टनेलच्या दाराशी एकच ट्रे पुन्हा पुन्हा मोजत राहिला. सस्मिता तिच्या पायांशी बसून होती. तिने घाई केली नाही.

सहा वाजता सगळे शेतात होते. मशीनने लावलेल्या अकराशे रोपांच्या ओळी उभ्या होत्या, त्यापलीकडे सगळं रान मोकळं. फावड्याच्या मोडक्या दांड्यांना टोक काढून विष्णूने रात्रीत चार खुंट्या केल्या होत्या. त्याने त्या न बोलता वाटल्या. पहिली बायकोला दिली.

लावणी एकोणीस दिवस चालली. अकरा ट्रे वाया गेले. मधुमतीची कंबर महिनाभर धरली होती. डिसेंबरात लीक काढताना विष्णू मशीनच्या ओळीतलं आणि हाताच्या ओळीतलं लीक शेजारी धरून दाखवायचा, बघा, दोन्ही सारखीच, जमिनीला काही फरक पडला नाही. घरातलं कोणी त्याच्याशी वाद घालायचं नाही.

पण ते पुढचं. त्या मंगळवारी मधुमती गुडघ्यावर बसली आणि तिने पहिलं भोक पाडलं. सस्मिताने त्यात रोप सोडलं. लीकचं भोक मातीने बुजवायचं नसतं, नुसतं पाणी ओतायचं, मग माती जेवढी हवी तेवढी आपली आपण मुळांशी जाते. पुष्करने झारी तिरकी केली. मधुमतीचे हात हळदीने पिवळे झाले होते. तिने वीतभर जागा मोजली आणि पुढचं भोक पाडलं.

"आई, कंबर दुखली की सांगा," सस्मिता म्हणाली.

"सांगीन," मधुमती म्हणाली, आणि सकाळी अकरा वाजता तिने खरंच सांगितलं.